वैनगंगेचे माप

भात हे पाण्याचे पीक. बालाघाट जिल्ह्यात वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर पसरलेली भातखाचरे पाहिली म्हणजे थोड्या आठवड्यांच्या पावसावर किती संसार अवलंबून असतात, हे ध्यानात येते. पुढे पाणी किती मिळणार, हा प्रश्न येथे केवळ शास्त्रज्ञांचा नव्हे. तो चुलीचा आहे.

हिंदुस्थानचे हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले. त्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयावरील बर्फाच्या आधारे १८८६ साली मोसमी पावसाचा पहिला दीर्घ मुदतीचा अंदाज प्रसिद्ध केला. परंतु १८९६-९७ च्या दुष्काळात बालाघाट होरपळला. आणि १८९९ साली तर चांगल्या पावसाचा अंदाज साफ फसून मध्यप्रांतावर पुन्हा दुष्काळ कोसळला.

या आघातातून दोन मार्ग निघाले. एक बंधाऱ्याचा. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत बालाघाट जिल्ह्यातच ढूटी येथे वैनगंगा अडवून कालव्यांनी पाणी शेतांवर नेण्यात आले. दुसरा मार्ग अभ्यासाचा. १९०४ साली खात्याची सूत्रे हाती घेतलेल्या गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरच्या नोंदी ताडून पाहिल्या. प्रशांत महासागरावर वायुभार वाढला की हिंदी महासागरावर तो उतरतो, असा हेलकावा त्यांना आढळला. आपल्या खाचरातील पावसाचे धागे दूरच्या समुद्रांशी जुळलेले आहेत, हे त्यामुळे उमगले.

आज नदीची पातळी मोजणारी केंद्रे आहेत. २००२ पासून तर कृत्रिम उपग्रहांच्या जोड्या पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणातील सूक्ष्म फरकांवरून भूगर्भातील पाण्याची वधघटही टिपू लागल्या.

तरीही साधनांनी सारे साधत नाही. वैनगंगा शिवनी जिल्ह्यात उगम पावते, बालाघाटातून वाहते आणि पुढे महाराष्ट्रात शिरते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वरच्या भागात अतिवृष्टी झाली, संजय सरोवराचे पाणी सोडावे लागले आणि बालाघाटपासून भंडारा-गडचिरोलीपर्यंत गावे जलमय झाली. नदीला राज्याची सीमा ठाऊक नसते. मोजणाऱ्यानेही ती मानता कामा नये. वर मोजलेला आकडा खालच्या गावी पाण्याच्या आधी पोहोचला, तरच त्या मोजणीचे सार्थक होते.