काय बघता, काय वाचता, काय खाता? धाराशिवच्या गप्पांचा शंभर वर्षांचा इतिहास

इतिहासावरच्या आपल्या पॉडकास्टचा हा नवा भाग. ज्यांना कानात ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी ही लेखी प्रत. बोलताना जे जसं आलं, ते बरंचसं तसंच ठेवलंय.

आजचा विषय थोडा हलका वाटेल. गप्पा. कुठलाही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप उघडा, शाळेचा, गावाकडचा, सकाळी फिरायला जाणाऱ्यांचा. राजकारण बाजूला ठेवलं तर फिरून फिरून तीनच विषय येतात. सध्या कुठली सिरीज बघतोयस? काय वाचतोयस? आणि वजन कमी करायला काय खातोयस? कुणी बाजरीचे डोसे टाकतं, कुणी वाचलेल्या पुस्तकाचं कव्हर टाकतं, खाली अंगठे पडतात, संपलं.

मला वाटायचं, हे सगळं आत्ताचं आहे. पण आपल्या जिल्ह्याचा इतिहास चाळायला लागलो तर हे तिन्ही विषय शंभर वर्षांपासून इथं फिरताना दिसले. आणि प्रत्येक वेळी एकच गोष्ट ठळक दिसली. पुस्तक असो, रेडिओ असो, टीव्ही असो, ते आल्यानं फार काही बदललं नाही. बदललं तेव्हा, जेव्हा माणसं त्याच्याभोवती बसून बोलली. आजच्या भागात मला एवढंच सांगायचंय, पण पुराव्यानिशी.

एक खुलासा. 2023 पासून सरकारी कागदावरही जिल्हा धाराशिव झालाय. जुन्या घटना सांगताना तेव्हाचं नाव, म्हणजे उस्मानाबाद, तोंडात येईल. सांभाळून घ्या.

बोलायलाही परवानगी लागायची

सुरुवात वाचनापासून. आपला जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, गुलबर्गा सुभ्यात. राज्यकारभाराची भाषा उर्दू. 1918 साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं, तिथं शिक्षणाचं माध्यम उर्दू. घरात मराठी बोलणाऱ्या पोराला मराठीत वाचायला मिळणं, हीच अवघड गोष्ट होती.

त्यात 1929 च्या सुमारास ‘गश्ती निशाण 53’ आलं. गश्ती म्हणजे सरकारी परिपत्रक. आधी परवानगी घेतल्याशिवाय जाहीर सभा घ्यायची नाही, असा त्याचा रोख. जरा डोळ्यांसमोर आणा. चार माणसं जमून एखाद्या विषयावर बोलणार, तर आधी सरकारला विचारायचं.

मग माणसं कुठं जमली? गणेशोत्सवाच्या मेळ्यात, आखाड्यात, वाचनालयात आणि शाळेत. आपल्या लोहारा तालुक्यातल्या हिप्परग्याला 1921 मध्ये राष्ट्रीय शाळा सुरू झाली होती. 1929 मध्ये तिथं व्यंकटेश खेडगीकर नावाचे एक शिक्षक आले. हिप्परग्यातच त्यांनी संन्यास घेतला आणि ते झाले स्वामी रामानंद तीर्थ. पुढं हैदराबाद मुक्तिसंग्रामाचं नेतृत्व त्यांनी केलं, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. पण त्या नेतृत्वाची काही वर्षं एका खेड्यातल्या शाळेत, पोरांना शिकवण्यात आणि त्यांच्याशी बोलण्यात गेली, हे पटकन लक्षात राहत नाही.

म्हणजे इथं वाचनाचा छंद नुसता छंद नव्हता. पुस्तकाच्या निमित्तानं एकत्र बसता यायचं, आणि एकत्र बसणं हीच सरकारला नको असलेली गोष्ट होती. जानेवारी 2020 मध्ये त्र्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन उस्मानाबादला भरलं, फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष होते. आपल्याकडं संमेलन म्हटलं की मंडप आणि मानापमान आठवतात. मला मात्र त्या गर्दीकडं बघून गश्ती निशाण 53 आठवतं.

1956: रेडिओ ऐकून उठू नका, बसा

आता जरा जिल्ह्याबाहेर जाऊ, कारण माझ्या म्हणण्याचा सगळ्यात पक्का पुरावा शेजारी आहे. फेब्रुवारी ते एप्रिल 1956. आकाशवाणीच्या पुणे केंद्रानं युनेस्कोच्या मदतीनं एक प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतली सुमारे 150 गावं घेतली. प्रत्येक गावात पंधरा-वीस जणांचं श्रोता मंडळ. आठवड्यातून दोनदा, दहा आठवडे, असे वीस कार्यक्रम. विषय शेती, आरोग्य, साक्षरता, गावचा कारभार.

अट एकच. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करायचा आणि त्यावर बोलायचं. शंका आल्या तर त्या लिहून आकाशवाणीला पाठवायच्या, उत्तर रेडिओवरून मिळायचं. ही कल्पना मूळची कॅनडातली. तिथल्या शेतकरी मंडळांचं घोषवाक्यच होतं: वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा.

या प्रयोगाची मोजणी टाटा समाजविज्ञान संस्थेनं केली. तीन प्रकारची गावं तपासली. जिथं रेडिओ आणि मंडळ दोन्ही, जिथं नुसता रेडिओ, आणि जिथं काहीच नाही. निकाल असा, की मंडळ असलेल्या गावांत लोकांची माहिती चांगलीच वाढली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत फारच थोडी. म्हणजे पेटी तीच, आवाज तोच. फरक पडला तो कार्यक्रम संपल्यानंतरच्या बोलण्यानं.

उस्मानाबाद तेव्हा हैदराबाद राज्यात, त्यामुळं हा प्रयोग आपल्यापर्यंत आला नाही. आणि त्या मंडळांत एक मोठी उणीव होती. बसणारे जवळपास सगळे पुरुष. ही उणीव लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

उपग्रह शेजारी उतरला

मग आला टीव्ही. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं. शेतकऱ्यांसाठी ‘आमची माती, आमची माणसं’ हा कार्यक्रम त्यावरचाच. पण तेव्हाचा मराठवाडा काय बघत होता? दुष्काळ. 1973 च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात जवळपास 50 लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. खडी फोडायची, नाला खणायचा, आणि खायला बाहेरून आलेली लाल ज्वारी, जिला सगळे ‘मिलो’ म्हणायचे. लेकरांना सुकडी. माझ्या आजीपुढं मिलो शब्द काढला तर आजही तिचं तोंड वाकडं होतं. जगातली उत्तम ज्वारी पिकवणाऱ्या माणसांनी ती परकी ज्वारी निमूटपणे खाल्ली.

तीन वर्षांनी, 1 ऑगस्ट 1975 ला, ‘साइट’ नावाचा प्रयोग सुरू झाला. अमेरिकेचा एटीएस-6 हा उपग्रह, जाळीच्या मोठ्या ताटल्या, आणि सहा राज्यांतल्या सुमारे 2400 खेड्यांत एकेक सार्वजनिक टीव्ही. रोज चार तास कार्यक्रम: शेती, आरोग्य, पोषण, कुटुंब नियोजन. कर्नाटकात त्यासाठी निवडलेल्या जिल्ह्यांत एक होता गुलबर्गा. म्हणजे एकेकाळी आपण ज्या सुभ्यात होतो, तो. उमरग्याच्या पलीकडं काही कोसांवर लोक शाळेच्या ओट्यावर बसून लेकराला काय खाऊ घालावं हे कन्नडमध्ये बघत होते. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता, त्यामुळं अलीकडं काही नाही. बरोबर एक वर्षानं, 31 जुलै 1976 ला, प्रयोग संपला.

आपल्याकडं टीव्ही पोचला तो मुख्यतः 1984 नंतर, जेव्हा देशभर छोटी प्रक्षेपण केंद्रं भराभर उभी राहिली. आणि तो पोषण शिकवायला नाही, करमणुकीला आला. जानेवारी 1987 ते जुलै 1988, रविवारी सकाळी ‘रामायण’. गावात एखाददुसरा संच, वीज गेली तर ट्रॅक्टरची बॅटरी, आणि अंगणभर माणसं. बघून झालं की तासभर गप्पा. पुढं घरोघरी संच आले आणि अंगण रिकामं झालं. 2004 ला ‘होम मिनिस्टर’, 2007 ला ‘आम्ही सारे खवय्ये’. आवडीनं बघितले आपण, पण आपापल्या खोलीत.

संवाद सहायक

30 सप्टेंबर 1993. पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं. हजारो माणसं झोपेतच गेली. त्या पहाटेबद्दल मी आज जास्त बोलणार नाही, तो वेगळा भाग होईल. मला सांगायचंय ते नंतरचं.

घरं दुरुस्त करायचं काम हजाराहून जास्त गावांत होतं. पैसा कसा मिळणार, भिंत कशी बांधायची, हे घराघरात कोण समजावणार? प्रेमा गोपालन यांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या स्वयं शिक्षण प्रयोगाच्या मदतीनं हे काम गावातल्या महिला मंडळांकडं आलं. त्या बायकांना नाव मिळालं ‘संवाद सहायक’. बघा, सरकारी कामात पद कुठलं, तर बोलणारीचं. ज्या बायका 1956 च्या मंडळांत नव्हत्या, त्या इथं अभियंत्यांशी बोलायला लागल्या.

त्या ओळखीतून बचत गट पक्के झाले आणि पुढच्या दुष्काळांत प्रश्न ताटावर आला. आपल्या जिल्ह्यात खरिपाला आता सोयाबीनच सोयाबीन. सोयाबीन विकायचं पीक, ते काही आपल्या ताटात येत नाही. म्हणजे शेत असून भाजी बाजारातून. पैसे नसले तर भाजी नाही, आणि घरात सगळ्यांच्या शेवटी जेवते ती बाई, म्हणून तुटवडा आधी तिच्या ताटात. याच संस्थेबरोबर काम करणाऱ्या बायकांनी घरी एक मागणी घातली: सगळी जमीन राहू द्या, मला अर्धा-एक एकर द्या. त्यात ज्वारी, बाजरी, तूर, मूग, हुलगा, पालेभाज्या. आधी घरात खायचं, उरलं तर विकायचं. खत घरचं. हीच ती ‘एक एकर’ शेती. 2016 मध्ये संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. या चळवळीतल्या आपल्या जिल्ह्याच्या गोदावरी डांगे यांच्यावर तर एक कॉमिकही निघालंय.

हे कुठल्या कार्यक्रमानं शिकवलं नाही. हुलग्यात वीस टक्क्यांच्या वर प्रथिनं असतात हा आकडा आजीला माहीत नव्हता, पण शेंगोळे थंडीत का करायचे हे माहीत होतं. अडचण माहितीची नव्हतीच. नवऱ्यापुढं, सासऱ्यापुढं ‘एक एकर मला द्या’ म्हणायचं बळ हवं होतं. ते बळ गटात बसून, एकमेकींशी बोलून आलं.

आणि आता फोन

2018 मध्ये नीती आयोगानं देशातले मागं पडलेले जिल्हे ‘आकांक्षित’ म्हणून निवडले, त्यात महाराष्ट्रातले चार. उस्मानाबाद त्यातलं एक, आणि आरोग्य-पोषण हा तिथं मोजायचा मोठा भाग. 2023 हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं. ज्वारीला एकदम मान आला. पुण्यात ‘मिलेट बाउल’ म्हणून जे विकलं जातं, ते आपल्याकडं रानात पाटीत बांधून नेतात. पाहुणा आला की भाकरी लपवून पोळी वाढणारी घरं मी बघितलीत, म्हणून या मानाचं मला कौतुक आहे. पण ते रीलमधून येतं आणि रीलमधूनच जातं. अंगठा वर सरकला की पुढचा विषय.

मी स्वतः तुमच्या कानात बोलणारा माणूस, त्यामुळं फोन वाईट, असं म्हणणं मला शोभणार नाही. एवढंच सांगतो, की 1956 चा तो निकाल पॉडकास्टलाही लागू आहे. मंडळ नसलेल्या गावातला रेडिओ म्हणजे हेडफोन लावून एकट्यानं ऐकणारे आपण.

म्हणून या वेळी लाइक, शेअर वगैरे काही मागत नाही. आज घरी जेवायला बसताना एक विचारा: आपल्या घरात शेवटी कोण जेवतं, आणि तिच्या ताटात काय उरतं? विचारून झालं की तिच्याशेजारी बसा, आणि फोन जरा बाजूला ठेवा.

पुढच्या भागात तेरला जाऊ, गोरोबाकाकांच्या गावात. तोवर नमस्कार.