एका शब्दाचीं दोन तोंडें

इंग्रजींतील 'सँक्शन' हा शब्द मोठा विलक्षण आहे. सरकारनें एखाद्या कामास 'सँक्शन' दिली म्हणजे त्या कामास मंजुरी मिळाली. परंतु १९३५ सालीं अबिसीनियावर स्वारी करणाऱ्या इटलीवर राष्ट्रसंघानें 'सँक्शन्स' लादल्या, तेव्हां त्याच शब्दाचा अर्थ व्यापारबंदी असा झाला. परवानगी आणि शिक्षा हे परस्परविरोधी अर्थ एका घरांत कसे नांदतात? मूळ लॅटिन धातूचा अर्थ 'पवित्र करणें, नियम दृढ करणें' असा आहे. नियम दृढ झाला कीं त्याला मान्यता आली, आणि तो मोडणाऱ्यास दंडही आला.

कोशांतला हा विरोध बीड जिल्ह्यानें प्रत्यक्ष भोगला. १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. 'गस्ती क्रमांक ५३' या नांवानें कुप्रसिद्ध झालेल्या परिपत्रकानुसार तेथें पूर्वपरवानगीवांचून जाहीर सभा भरवितां येत नसे. कागदावर ही परवानगीची व्यवस्था होती. व्यवहारांत तीच बंदी ठरे. न विचारतां सभा भरविली तर गुन्हा, आणि विचारलें तर होकार मिळेलच याची शाश्वती नाहीं!

आंबेजोगाईस त्या काळीं मोमिनाबाद म्हणत. तेथील शाळेंत स्वामी रामानंद तीर्थ शिक्षणाचें कार्य करीत होते. १९३८ सालीं संस्थानांत स्टेट काँग्रेसची रीतसर स्थापना होण्यापूर्वींच तिच्यावर बंदी आली. तेव्हां स्वामीजींनीं सत्याग्रह करून कारावास पत्करला. जी परवानगी मिळणारच नव्हती, ती मागत बसण्याचें त्यांनीं नाकारलें.

पुढें काळानें शब्दाची दुसरी बाजू दाखविली. २९ नोव्हेंबर १९४७ रोजीं भारत व निजाम यांच्यांत 'जैसे थे' करार झाला. पण तंटा मिटला नाहीं. भारतानें आपली आर्थिक नाकेबंदी केली, अशी तक्रार आतां निजाम सरकारच करूं लागलें, आणि ऑगस्ट १९४८ मध्यें त्यानें सुरक्षा समितीकडे धांव घेतली. प्रजेच्या सभांना परवानगी नाकारणाऱ्यांवर निर्बंधाची झळ सोसण्याची पाळी आली. १३ सप्टेंबरला भारतीय सेना संस्थानांत शिरली आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामानें शरणागति पत्करली.

परवानगी देण्याचा अधिकार ज्याच्या हातीं, ती अडविण्याचा अधिकारही त्याच्याच हातीं असतो. म्हणून हा शब्द कानीं पडतांच तो कोण उच्चारीत आहे आणि त्याला जाब विचारणारा कोणी आहे कीं नाहीं, हें शहाण्यानें आधीं पाहावें.