उतरतं वजन

आदल्या दिवशी, संध्याकाळी 6. बडनेऱ्याच्या जुन्या वस्तीपलीकडे, यवतमाळ रोडवरच्या एका जिनिंगमध्ये माझं ट्रेनिंग संपलं. काट्यावरच्या दोन पोरांना दोन दिवस नवं सॉफ्टवेअर शिकवलं: गाडी आली की भरलेलं वजन, उतरली की खाली वजन, फरक तो कापूस. वर्षानुवर्षं काटा सांभाळणारे दिवाणजी मागं खुर्चीत बसून होते. त्यांना मी एकही प्रश्न विचारला नाही.

पावसाला नऊ तास, सकाळी 7. जुनं रजिस्टर कपाटात, दिवाणजी रजेवर. पहिल्या गाड्या सुरळीत उतरल्या. ओलाव्याचं मीटर 8 ते 12 टक्क्यांच्या आत.

सहा तास, सकाळी 10. नांदगाव खंडेश्वरकडून टेम्पो आला, त्यात तिघांचा कापूस. भाडं परवडावं म्हणून लहान शेतकरी मिळूनच गाडी करतात. अशा गाडीचं दिवाणजी उतरतं वजन घेत: आधी भरली गाडी, पहिल्याचा कापूस उतरला की पुन्हा काटा, दुसऱ्याचा उतरला की पुन्हा, शेवटी खाली गाडी. चार वजनं, तीन नावं, सगळं हिशोबाच्या पट्टीच्या मागं पेन्सिलनं. आमच्या स्क्रीनवर गाडीला रकाने दोनच. पहिल्याचा कापूस उतरल्यावर पोरानं आलेलं वजन ‘खाली गाडी’ म्हणून टाकलं. तिघांच्या गाडीची नोंद एकाच्या नावावर बंद झाली, आणि टेम्पो अजून अर्धा भरलेला.

पाच तास. मी अमरावतीहून फोनवर सांगितलं, “नोंद रद्द कर.” त्यानं केली. भरल्या गाडीचं वजनही गेलं. पहिल्याचा कापूस तोवर मोठ्या ढिगात मिसळला होता. तो शेतकरी काट्यापुढून हलेना, आणि त्याचं चूक नव्हतं.

अडीच तास, दुपारी दीड. मी पोचलो. रांग फाटकाबाहेर गेलेली. मी स्क्रीनपुढे बसलो आणि बसूनच राहिलो. वाचलेलं आठवलं: 1999 साली हर्शी या अमेरिकी चॉकलेट कंपनीची नवी संगणक प्रणाली ऐन हॅलोविनच्या तोंडावर अडली, माल गोदामात असून दहा कोटी डॉलरच्या मागण्या पुऱ्या करता आल्या नाहीत. तो तोटा कंपनीनं सोसला. इथं तो रांगेतल्या माणसांचा होता. पश्चिमेला आभाळ भरलेलं. एका म्हाताऱ्यानं ताडपत्रीची दोरी आवळत मला विचारलं, “पानी आलं त मंग कोन भरून देईन?”

अर्धा तास, साडेतीन. कुणीतरी दिवाणजींना घरून आणलं. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलंही नाही. ड्रायव्हरकडे सकाळची भरल्या गाडीची छापील चिठ्ठी मागितली. ती त्याच्या खिशात होती. “टेम्पो काट्यावर घ्या,” म्हणाले. अर्ध्या गाडीचं वजन चिठ्ठीतून वजा केलं. पहिल्याच्या कापसाचं वजन मिळालं. दोन मिनिटं.

दुपारी 4. टेम्पो हलला, मागची गाडी काट्यावर चढली आणि सरी कोसळल्या. ताडपत्र्या सगळ्यांकडे नव्हत्या. दिवाणजी गाडीजवळ गेले, कापसात हात घातला, मुठीत आवळून पाहिला. मीटर त्यांनी मागितलंच नाही.