मोझरीचा थांबा

अमरावतीहून नागपूरकडे निघालं, की तिवशाच्या आधी कंडक्टर ओरडतो, "चला, मोझरीवाले!" आमचे आबाजी मात्र हटकून म्हणायचे, "मोझरी नाही बाप्पा, गुरुकुंज." त्यांचं खरंच होतं. मोझरी जुनं, कास्तकारांचं गाव. गुरुकुंज 1935 सालचं, तुकडोजी महाराजांनी आश्रम काढला तेव्हापासूनचं. गाव बसतं नदीपाशी, नाहीतर बाजारापाशी. हे बसलं सामुदायिक प्रार्थनेपाशी!

महाराज आपल्याच मुलुखातले. जन्म 1909 चा, यावलीचा. घरचं नाव माणिक. खंजिरीवर भजन म्हणता म्हणता ते गावसफाईवर, व्यसनांवर बोलत. 1942 च्या आंदोलनात इंग्रज सरकारनं त्यांना तुरुंगात टाकलं. त्यांची 'ग्रामगीता' ही पोथी नंतरची. पण मला विचाराल, तर पोथीआधी आबाजींच्या हाती खराटा आला, हेच मोठं. पहाटे अंगणाबाहेरचा रस्ताही ते झाडत, आजी कुरकुरायची.

11 ऑक्टोबर 1968 ला महाराज गेले. दरवर्षी पुण्यतिथीला, आश्विन वद्य पंचमीला, दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी हजारो माणसं इथं मौन उभी राहतात. त्या दिवशी आलात, तर घड्याळ मिळवून या.