सौर कृषिपंप : खर्चाचा भार कोणी उचलायचा?

सौर कृषिपंप चालविण्यासाठी इंधन लागत नाही. मात्र तो बसविण्याचा जवळजवळ सारा खर्च आरंभीच करावा लागतो. डिझेल पंपाचे गणित याच्या उलट असते. पंप कमी किमतीत मिळतो, पण पुढे प्रत्येक पाळीला डिझेलचे पैसे मोजावे लागतात. हंगामाच्या उत्पन्नावर वर्षाची गुजराण करणाऱ्या अल्पभूधारकाला एकरकमी मोठी रक्कम उभी करणे कठीण असल्याने दीर्घकाळात महाग पडणारा डिझेल पंपच त्याला परवडण्याजोगा वाटतो. म्हणूनच सौरपंपांचा प्रसार हा तंत्रज्ञानाइतकाच अर्थपुरवठ्याचा प्रश्न ठरला आहे.

'कुसुम'ची रचना

प्रधानमंत्री किसान ऊर्जा सुरक्षा एवं उत्थान महाभियान अर्थात 'कुसुम' योजनेस केंद्रीय मंत्रिमंडळाने फेब्रुवारी २०१९ मध्ये मान्यता दिली. योजनेचे तीन घटक ठरविण्यात आले. पडीक जमिनीवरील छोटे सौर प्रकल्प हा पहिला, वीजजोडणी नसलेल्या ठिकाणचे स्वतंत्र सौरपंप हा दुसरा, तर वीजजोडणी असलेल्या पंपांचे सौरीकरण हा तिसरा घटक होय.

स्वतंत्र पंपांसाठी सर्वसाधारण राज्यांत केंद्राने ३० टक्के आणि राज्याने ३० टक्के अनुदान द्यावे, उर्वरित ४० टक्के वाटा शेतकऱ्याने उचलावा, अशी मूळ विभागणी होती. शेतकऱ्याच्या वाट्यापैकी ३० टक्क्यांपर्यंत रक्कम बँकेच्या कर्जातून उभी राहील आणि त्याला सुरुवातीस १० टक्केच भरावे लागतील, असे यात गृहीत धरले होते.

महाराष्ट्राचा मार्ग

महाराष्ट्राने बँकेच्या कर्जाची ही पायरीच वगळली. २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजनेत सर्वसाधारण गटातील शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांचा ५ टक्के ठेवण्यात आला. बाकीचा भार केंद्र व राज्य शासनाने उचलला. अडीच एकरांपर्यंत ३ अश्वशक्ती, अडीच ते पाच एकरांसाठी ५ अश्वशक्ती आणि त्याहून अधिक क्षेत्रासाठी साडेसात अश्वशक्तीचा पंप, असे निकष ठरले. पाच वर्षांची दुरुस्तीची हमी आणि विमा यांचाही योजनेत समावेश करण्यात आला.

शेतकऱ्याच्या दृष्टीने यातील मोठा लाभ दिवसा मिळणाऱ्या पाण्याचा आहे. कृषी वाहिन्यांवर चक्राकार पद्धतीने वीज मिळत असल्याने अनेकांना रात्री पाणी द्यावयास जावे लागते. साप, विंचू आणि काही भागांत बिबट्याची भीती त्यांच्या पाचवीला पुजलेली असते. दुसरीकडे, साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज देण्याची घोषणा राज्याने २०२४ मध्येच केली. त्यामुळे ज्याच्याकडे वीजजोडणी आहे, त्याला सौरपंपासाठी पदरचे पैसे घालण्याचे आर्थिक कारण उरत नाही.

अन्यत्र झालेले प्रयोग

गुजरातमधील खेडा जिल्ह्यातील धुंडी गावात सहा शेतकऱ्यांनी आंतरराष्ट्रीय जल व्यवस्थापन संस्थेच्या साहाय्याने सौरपंपधारकांची सहकारी मंडळी स्थापन केली. सिंचनानंतर शिल्लक राहणारी वीज प्रतियुनिट ४ रुपये ६३ पैसे दराने विकत घेण्याचा २५ वर्षांचा करार २०१६ मध्ये वीज कंपनीने त्यांच्याशी केला. येथे पंप हा केवळ खर्चाची बाब न राहता उत्पन्नाचे साधन बनला.

बांगलादेशात 'इडकॉल' या सरकारी मालकीच्या वित्तसंस्थेने निराळी वाट धरली. तेथे पंपाची मालकी शेतकऱ्याकडे नसून संस्था वा उद्योजकाकडे असते. प्रकल्पाचा ५० टक्के खर्च अनुदानातून, ३५ टक्के कर्जातून आणि १५ टक्के प्रवर्तकाच्या भांडवलातून उभारण्याची पद्धत अवलंबिली गेली. एका पंपावर अनेक शेतकरी पाणी घेतात आणि त्याचे शुल्क देतात. आरंभीची गुंतवणूक करावी लागत नसल्याने अत्यल्प जमीन असलेल्यालाही सौर सिंचनाचा लाभ मिळतो.

भूजलाचा हिशेब

या तिन्ही पद्धतींना एक प्रश्न सारखाच भेडसावतो. पंप बसल्यावर पाणी उपसण्याचा जादा खर्च जवळजवळ शून्य होतो. त्यामुळे भूजलपातळी खालावलेल्या भागांत अतिउपशाची भीती असते. धुंडीसारख्या पद्धतीत वाचविलेल्या विजेला भाव मिळत असल्याने उपसा आवरण्यास निदान आर्थिक कारण असते. निव्वळ अनुदानाच्या पद्धतीत तसे काही नसते.

दुसरी मर्यादा पात्रतेची आहे. वैयक्तिक अनुदानासाठी सातबारा आणि स्वतःचा जलस्रोत लागतो. विहीर, कूपनलिका वा शेततळे नसलेला कोरडवाहू शेतकरी आणि दुसऱ्याची जमीन कसणारा कूळ वा बटाईदार त्यामुळे योजनेबाहेर राहतो. अशांपर्यंत पोहोचण्यासाठी सामुदायिक मालकी किंवा शुल्क घेऊन पाणी देण्याची बांगलादेशी पद्धत अधिक सोयीची ठरू शकते. मात्र, पाण्याचे दर आणि पाळ्या यांवर गावाचे एकमत होणे, ही तिची पहिली अट आहे.