तांब्याचं पाणी, समुद्रातलं अंडं

घोरावाडीच्या आमच्या घरी आजी रोज रात्री तांब्याच्या भांड्यात पाणी भरून ठेवते. हेच तांबं ब्रिटिश आरमाराने अठराव्या शतकात जहाजांच्या तळाला ठोकलं होतं, लाकूड पोखरणारे किडे आणि शिंपले लागू नयेत म्हणून. समुद्रातल्या जिवांना तांबं सोसत नाही, हे खलाशांना माहीत होतं. का, ते नव्हतं.

उत्तर सापडायला सुरुवात झाली ती सी-अर्चिन या काटेरी प्राण्याच्या अंड्यात. मादी ती उघड्या पाण्यात सोडते, फलनही तिथेच होतं. १८७५ साली ऑस्कर हर्टविग यांनी सूक्ष्मदर्शकाखाली त्यात दोन केंद्रकं एक होताना पाहिली. १९२१ साली अमेरिकेत फ्रँक लिली यांनी अशा अंड्यांवर तांब्याच्या क्षारांचा प्रयोग केला, फलन अडलं. पुढे कारण उलगडलं: तांबं, पारा, कॅडमियम पेशीतल्या प्रथिनांच्या गंधकाला चिकटतात. पेशी विभागणारे धागेही प्रथिनांचेच. ते बिघडले की एकीच्या दोन पेशी होणं थांबतं.

माझ्या कोडमधली चूक मी दुसऱ्या दिवशी दुरुस्त करतो. अंड्याला दुसरा दिवस नसतो.

अरबी समुद्र घाटापलीकडेच आहे, पण आमच्या पवना-इंद्रायणीचं पाणी भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागराकडे जातं. त्यात सोडलेला धातू वाटेत गाळात बसेल, पुरात पुढे सरकेल. कुजून मात्र जाणार नाही.