संपलेला खेळ पुढे का खेळायचा?

ट्री डायग्राम काढताना एक प्रश्न हमखास येतो: निकाल लागला तरी फांद्या पुढे का वाढवायच्या? प्रश्न भाबडा नाही बरं का. १६५४ मध्ये रोबेर्वाल या नावाजलेल्या फ्रेंच गणितज्ञाने तोच विचारला होता.

त्या वर्षी पास्काल आणि फर्मा यांची पत्रं चालली होती. विषय असा, की खेळ अर्धवट सोडावा लागला तर डावावरचे पैसे कसे वाटायचे? समजा, जिंकायला ‘अ’ला आणखी दोन डाव हवेत, ‘ब’ला तीन. दोघं तोडीस तोड. चार डावांत निकाल नक्की लागतो, म्हणून चार पायऱ्यांचं झाड काढा. शेवटी १६ टोकं मिळतात. (त्यांनी झाड नाही, अक्षरांच्या ओळी मांडल्या होत्या. हिशोब तोच.) ‘अ’ने ४, ३, २, १, ० डाव जिंकलेली टोकं मोजा: १, ४, ६, ४, १. हेच द्विपद सहगुणक! ‘अ’ला किमान दोन डाव हवेत, म्हणजे १ + ४ + ६ = ११. वाटणी ११ : ५.

रोबेर्वालचं म्हणणं, ‘अ’ने पहिले दोन डाव घेतले की खेळ खलास, मग चार डाव धरायचे कशाला? पास्कालने २४ ऑगस्टच्या पत्रात हा आक्षेप फर्माला कळवला. त्याचं उत्तर साधं होतं: जिंकून झाल्यावरही दोघं चार डाव पुरे करायचे ठरवून खेळले, तर कोणाचं काय बिघडतं?

तरी आपण फांद्या छाटून बघू. आता १० टोकं उरतात, सहा ‘अ’ची, चार ‘ब’ची. ६ : ४? डावावर १६० नाणी असतील तर ‘अ’ला ११० ऐवजी ९६ मिळतील. गोम इथे आहे: ‘अअ’ हे आखूड टोक सरासरी चारांत एकदा येतं, ‘बबअअ’ मात्र सोळांत एकदा. टोकं सारख्या वजनाची नाहीतच. वजनं लावा: १/४ + २/८ + ३/१६ = ११/१६. आलं ना तेच?

गंमत म्हणजे शंभर वर्षांनी, १७५४ मध्ये, फ्रेंच विश्वकोशात दालांबेरने पुन्हा हेच केलं. दोन फेकींत एकदा तरी छापा येण्याची शक्यता? छापा, काटा-छापा, काटा-काटा, म्हणून २/३! नेहमीचं ३/४ हे उत्तर त्याला माहीत होतं, पटत नव्हतं.